पेजमेकरच्या जुन्या मराठी फाइली उघडताना

पेजमेकर हा पानं मांडायचा प्रोग्राम १९८५ साली अल्डस कंपनीने आणला, १९९४ मध्ये तो अडोबीकडे गेला आणि २००१ च्या ७.० नंतर नवी मोठी आवृत्ती आलीच नाही. त्यामुळे जुनी फाइल हाती आली की आधी प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका.

अडोबीचाच नंतरचा पानमांडणीचा प्रोग्राम म्हणजे इनडिझाइन. त्याची सीएस६ आवृत्ती पेजमेकर ६.० ते ७.० च्या फाइली उघडते. पुढच्या सीसी आवृत्त्या उघडत नाहीत. फाइल पेजमेकर ५.० ची असेल तर आधी पेजमेकर ६.५ किंवा ७.० मध्ये सेव्ह करून घ्या. चित्रं बहुधा फाइलमध्ये नसतात, नुसती जोडलेली असतात, म्हणून अख्खा फोल्डर मागा.

खरी डोकेदुखी फाँटची. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तोच फाँट नसेल तर पानभर रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. पर्यायी फाँट लावू नका, जुन्या संगणकावरूनच फाँट आणा. पान नीट दिसलं की फाँट एम्बेड करून, म्हणजे आतच साठवून, पीडीएफ काढा. पुढे ताडायला तीच लागेल.

मग त्याच फाँटसाठीच्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फाँट बदलला तरी अक्षरं तीच राहतात अशा संकेतांत, न्या. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास सरकतात, तेवढे डोळ्यांनीच तपासा. नव्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी सोय) लावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.