ताकाचं ड्रेसिंग सॅलडवर घातलं की पाणीपाणी होतं. दाटसर कसं करायचं?

ताक मुळातच पातळ, दाटपणा त्यात बाहेरून आणावा लागतो. वाटीभर दही फडक्यात बांधून दोनेक तास टांगा. त्या चक्क्यात पाव वाटी ताजं ताक थोडंथोडं घालत रवीने किंवा चमच्याने फेटा. मिक्सरमध्ये फिरवलात तर चक्का सैल पडतो. कोकणात काजू घरात असतातच, सात-आठ भिजवून गंधासारखे मऊ वाटून त्यात मिसळा. मग मेयॉनीजची गरजच नाही!

कोथिंबीर आणि थोडा पुदिना धुऊन अगदी कोरडा करा, सुरीने बारीक चिरून घाला. मला वाटलेल्यापेक्षा चिरलेली पानंच आवडतात, त्यांचा वास टिकतो. आलं, मिरची, भाजलेल्या जिऱ्याची पूड चवीप्रमाणे.

खरं पाणी मात्र भाजीतून सुटतं. तवसं किंवा काकडी चिरून मीठ लावा, दहा मिनिटांनी पिळून घ्या आणि ड्रेसिंग पानात वाढतानाच घाला. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात ताक लवकर आंबतं, तेव्हा सकाळचंच घ्या. उरलं तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा.