बार्सिलोनाचं बुकिंग रद्द करू नका. तारखा आणि रस्ते बघून फिरा

तुम्ही लिहिलंय की ९ सप्टेंबरला आई-बाबांना घेऊन बार्सिलोनाला उतरताय, ११ तारखेला तिथे स्पेनमधल्या कातालोनिया प्रांताच्या स्वातंत्र्यासाठी मोठा मोर्चा असतो असं कळलं, मग जळत्या कचरापेट्यांचे व्हिडिओ पाहिले आणि तेव्हापासून आईंचा जीव थाऱ्यावर नाही. बुकिंग रद्द करू का, असा तुमचा प्रश्न.

नका करू. ते व्हिडिओ ज्या आठवड्यातले आहेत, त्याच आठवड्यात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, मी सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना घेऊन त्या शहरात होते.

आधी एक गोष्ट वेगळी करू. ११ सप्टेंबर हा त्यांचा 'दियादा'. १७१४ साली याच दिवशी बार्सिलोना वेढ्यानंतर स्पेनच्या राजाच्या सैन्यापुढे पडलं, त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळतात. २०१२ पासून त्या दिवशी स्वातंत्र्यवाद्यांचा मोर्चा निघतो, आणि सुरुवातीची वेळ बहुतेकदा १७ वाजून १४ मिनिटं, सालाच्या आकड्यावरून. हा मोर्चा घरादारासकट निघतो. आजोबा-आजी, बाबागाडीतली मुलं, खांद्यावर झेंडे. तुम्ही पाहिलेली जाळपोळ याची नाही. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २०१९ ला नऊ कातालान नेत्यांना ९ ते १३ वर्षांची शिक्षा सुनावली, त्यानंतरच्या रात्रींची ती आहे. त्या शिक्षेचं मूळ २०१७ च्या १ ऑक्टोबरला स्वातंत्र्यावर घेतलेल्या सार्वमतात. स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं होतं, तरी मतदान झालं, पोलिसांनी केंद्रांवर लाठ्या चालवल्या आणि त्याच महिन्यात माद्रिदच्या केंद्र सरकारने कातालोनियाचं सरकार बरखास्त केलं.

आमची गाठ त्या १४ तारखेशीच पडली. मुंबईहून जर्मनी आणि तिथून बार्सिलोना असं तिकीट होतं. निकाल सकाळी लागला, दुपारी हजारो लोकांनी बार्सिलोनाचा विमानतळ अडवला, शंभराहून जास्त विमानं रद्द झाली. त्यात आमचंही होतं. काउंटरवर सांगितलं, आंदोलन आमच्या हातात नाही, त्यामुळे हॉटेल मिळणार नाही. इथे बहुतेक लोक गप्प बसतात आणि खुर्चीत रात्र काढतात. युरोपचा २६१/२००४ क्रमांकाचा नियम नीट समजून घ्या. कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर २५० ते ६०० युरोची रोख भरपाई मिळत नाही, हे खरं. पण जेवण, रात्रीचा मुक्काम आणि पुढचं विमान किंवा तिकिटाचे पैसे, हे कारण काहीही असलं तरी द्यावंच लागतं. आमच्या ह्यांनी फोनवर नियम उघडून दाखवला, तासभर उभे राहिले, तेव्हा खोली मिळाली. सासूबाईंचे सुजलेले पाय आठवले की अजून मला तो तास बोचतो.

तुमच्यासाठी यातून दोन गोष्टी. मुंबई ते बार्सिलोना सगळं एकाच तिकिटावर काढा. पुढचा टप्पा स्वस्त मिळतो म्हणून वेगळा काढला आणि मधलं विमान चुकलं, तर कोणी जबाबदारी घेत नाही. दुसरं, बार्सिलोनाहून निघताना हा नियम कुठल्याही कंपनीला लागू होतो, आखाती असो वा भारतीय. मुंबईहून जाताना मात्र कंपनी युरोपची असली तरच.

१५ तारखेला पोचलो. घर भाड्याने घेतलं होतं एशाम्प्ला भागात, जिरोना मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. स्पेन सरकारचं तिथलं कार्यालय जवळच, आणि त्या रात्रीचा राडा नेमका त्याच्याभोवती. हेलिकॉप्टरची घरघर थांबेना. जळक्या प्लास्टिकचा वास खिडक्या बंद करूनही आत येत होता. मग अचानक सगळ्या गॅलऱ्यांतून भांडी बडवायला सुरुवात झाली. सासूबाईंनी विचारलं, "ग्रहण लागलंय का गं?" निषेधाची ती त्यांची जुनी पद्धत, 'कासोलादा' म्हणतात. २०२० च्या मार्चमध्ये बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर थाळ्या वाजल्या तेव्हा सासूबाईंना पहिली आठवण तीच झाली.

आपण बडोद्याची माणसं 'तोफान' या शब्दासोबत वाढलो. तोफान म्हणजे कर्फ्यू, दुकानांची शटरं खाली, आठवडाभर दूध मिळेल की नाही याची काळजी, आणि कोण कुठल्या वस्तीतला याची भीती. ती भीती घेऊनच मी पहिली रात्र जागून काढली. सकाळी सातला खाली उतरले तर पाण्याचे टँकर रस्ता धूत होते. जिथे कचरापेटी वितळली तिथे डांबरावर काळा डाग, आणि त्याच्या बाजूला माणसं कॉफी पीत उभी. तिथला राग सरकारी इमारती आणि पोलीस यांच्यावर होता. परक्या माणसाला, पाहुण्याला कोणी हात लावत नव्हतं. आणि त्याला वेळ होती, जागा होती. संध्याकाळी सात-साडेसातनंतर, मोजके चौक-रस्ते: उर्किनाओना, विया लायेताना (तिथे राष्ट्रीय पोलिसांचं मुख्य ठाणं आहे), पासेज दे ग्रासिया. दिवसा आम्ही समुद्रावर गेलो, मोंजुइक टेकडीवर गेलो, कुठे काही नाही.

शहराची रचनाही मदतीला येते. एशाम्प्ला सेर्दा नावाच्या अभियंत्याच्या १८५९ च्या आराखड्यावर बांधलेलं, साधारण ११३ मीटरचे चौरस ठोकळे आणि २० मीटर रुंद सरळ रस्ते. आपल्याकडे मांडवीला मिरवणूक अडकली की गल्लीबोळात कोंडून पडावं लागतं. तिथे दोन चौक बाजूला सरकलं की समांतर रस्ता मोकळा मिळतो. म्हणून नकाशा फोनमध्ये ऑफलाइन ठेवा आणि घराकडे जाणारे दोन वेगळे रस्ते पहिल्याच दिवशी पायी चालून घ्या. जुन्या गॉथिक भागात हे जमत नाही, तिथल्या गल्ल्या अरुंद. गडबडीच्या दिवशी तो भाग दुपारीच उरकावा.

१८ ऑक्टोबरला सार्वत्रिक संप होता. कातालोनियाच्या पाच गावांहून तीन दिवस पायी चालत निघालेले मोर्चे त्या दिवशी शहरात पोचले. शहर पोलिसांच्या अंदाजाने सव्वापाच लाख माणसं. साग्रादा फामिलिया हे प्रसिद्ध चर्च बंद राहिलं आणि आमची तिकिटं नेमकी त्याच दिवसाची. वाईट वाटलं, पण चालून आलेली ती माणसं बघून सासूबाई हरखल्या. त्यांना वारीची आठवण झाली. पायांना पट्ट्या बांधलेल्या बायका, पाठीवर वळकट्या. एका आजीने त्यांना आपली घडीची खुर्ची बसायला दिली.

आणि मग ती खूण दिसली, जी तुम्ही पक्की लक्षात ठेवा. साडेसहाच्या सुमारास पोरंबाळं आणि म्हातारी माणसं गर्दीतून हळूहळू कमी होऊ लागली. त्यांच्या जागी तोंडं झाकलेले तरुण. कोणीतरी कचरापेटी ढकलत रस्त्याच्या मधे आणायला लागलं. हे दिसलं की फोटोसाठीसुद्धा थांबायचं नाही, घरची वाट धरायची. आम्ही निघालो, आणि त्या रात्री उर्किनाओनाला आठवड्यातली सगळ्यात मोठी धुमश्चक्री झाली. त्या दिवसांत पोलिसांच्या गोळ्यांनी काही जणांचा एकेक डोळा गेला. रबरी गोळी बघ्याला आणि आंदोलकाला वेगळं ओळखत नाही. पोलिसांचे जवळून व्हिडिओ काढून ते इंटरनेटवर टाकू नका, त्यावर तिथे मोठा दंड बसू शकतो.

संपाच्या दिवशी मेट्रो पूर्ण बंद नसते, ठरलेल्या किमान फेऱ्या चालतात, गर्दीच्या वेळी जास्त. दुकानं मात्र बंद. आमचं भागलं ते बडोद्याहून नेलेल्या थेपल्यांवर आणि लीलो चेवड्यावर. दियादालाही सुट्टी असते, तेव्हा १० तारखेलाच दूध, ब्रेड, फळं घेऊन ठेवा. आईंना 'एस्कालिवादा' खाऊ घाला, भाजलेल्या वांग्याचा आणि सिमला मिरचीचा पदार्थ, आपल्या भरताचा भाऊबंद वाटतो.

तुमच्या ११ तारखेसाठी: सकाळी बॉर्न भागातला जुना बाजार पाहा. तिथे छपराखाली १७१४ नंतर पाडलेल्या घरांचे अवशेष उघडे ठेवलेत. सगळा वाद कशावरून आहे ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं. दुपारी चारनंतर मोर्चाच्या मार्गावर टॅक्सी मागवू नका. मार्ग आधी जाहीर होतो.

क्रूझचाही विचार आहे म्हणालात. रांब्ला या मुख्य रस्त्याच्या टोकाला कोलंबसाचा पुतळा आहे, तिथे बंदर लागतं खरं, पण मोठी जहाजं लागतात त्या धक्क्यावर जायला पूल ओलांडून बसने जावं लागतं. जहाज पकडायच्या दिवशी चार तास हातात ठेवा, जहाज थांबत नाही. विमानाचंही तसंच. २०१९ मध्ये रेल्वे आणि मेट्रो दोन्ही बंद झाल्यावर लोक महामार्गावरून बॅगा ओढत विमानतळावर गेले. वातावरण तापलेलं दिसलं तर शेवटची रात्र विमानतळाशेजारच्या एल प्राट गावात काढा.

आता तिथे तेव्हासारखं वातावरण नाही. २०२१ मध्ये त्या नेत्यांना माफी मिळाली, २०२४ मध्ये या चळवळीतल्या आरोपींसाठी माफीचा कायदा आला, त्याच वर्षीच्या कातालोनियातल्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांचं बहुमत गेलं. सध्या शहरातला जास्त राग भाडेवाढीवर आणि पर्यटकांच्या लोंढ्यावर आहे. जुलै २०२४ मध्ये हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पिचकारीने पाणी उडवलं ते त्याच रागातून. म्हणून राहायला घर भाड्याने घ्याल तर परवाना क्रमांक असलेलंच घ्या.

एक मनापासून सांगते. या विषयावर कोणाला "तुम्ही कुठल्या बाजूचे" असं विचारू नका. मी एका टॅक्सीवाल्याला विचारलं, आणि पुढचा सगळा रस्ता तो एक शब्द बोलला नाही. डिसेंबर २०१७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाद्यांना साडेसत्तेचाळीस टक्के मतं होती. म्हणजे घराघरात दोन बाजू, एकाच जेवणाच्या टेबलावर. निळ्या त्रिकोणात चांदणी असलेला झेंडा स्वातंत्र्याचा, बिनचांदणीचा पिवळा-लाल पट्ट्यांचा प्रांताचा. यातला कुठलाच शालीसारखा पांघरून फिरू नका. पण 'बॉन दिआ' आणि 'ग्रासिएस' एवढं कातालान जरूर बोला. १ मे १९६० ला सीमा आखल्या गेल्या आणि आपण मराठी बोलणारे गुजरातेत राहिलो. आपल्या भाषेत कोणी दोन शब्द बोललं की काय वाटतं, ते बडोदेकराला सांगायला नको.

आपत्कालीन क्रमांक ११२, भारतीय दूतावास माद्रिदला. या दोन्ही गोष्टी बाबांच्या खिशातल्या कागदावरही लिहून द्या, फोनची बॅटरी नको त्या वेळी संपते. हॉटेल कुठल्या मेट्रो स्टेशनजवळ आहे आणि परतीचं विमान किती वाजता, ते कळवा. ११ तारखेचा रस्ता आपण मिळून बघू.