ऑफिसचं खातं बंद होण्याआधी

नोकरी बदलताय, तर राजीनाम्याच्या आठवड्यातच संपर्कयादी बाहेर काढा. माझं खातं शेवटच्या दिवशी दुपारीच बंद झालं आणि दहा वर्षांत जोडलेली माणसं एका क्षणात हरवली. अर्थात, ग्राहकांची नावं कंपनीची असतात. ती तिथेच ठेवा. आपली माणसं तेवढी न्या.

जीमेल असेल तर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा. ‘अदर कॉन्टॅक्ट्स’मध्येही डोकवा. ज्यांच्याशी नुसता मेलवर व्यवहार झाला ते तिथे आपोआप साठलेले असतात, आणि नवे लोक हमखास तेच विसरतात. हवे ते मुख्य यादीत घ्या आणि मग एक्स्पोर्ट करा.

फाइल सीएसव्ही (म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या रकान्यांची साधी मजकूर-फाइल) घेतलीत तर ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, ही माझी कळकळीची विनंती. देवनागरी नावांची चिन्हं होतात, नंबराच्या सुरुवातीचं शून्य उडतं. मराठीत नावं साठवली असतील तर मी व्हीकार्डच (संपर्कांसाठीचाच फाइल-प्रकार) घेईन. फोनलाही ते थेट चालतं.

नव्या खात्यात इम्पोर्ट केल्यावर दुबार नोंदी एकत्र करणारं ‘मर्ज अँड फिक्स’ चालवा, पण प्रत्येक जोडी बघून. एकाच घरातल्या दोघांचा लँडलाइन नंबर एक असू शकतो. काही बिघडलंच तर घाबरू नका. सेटिंगमधल्या ‘अनडू चेंजेस’ने ३० दिवसांपर्यंतची जुनी यादी परत आणता येते. संपर्कांचे गट पाडणारी लेबलं मात्र सावकाश लावा. सुरुवातीला ‘घर’ आणि ‘काम’ पुरे.