स्कूबाचं साहित्य सगळीकडे एकाच भावाने का मिळतं, आणि सूट नेमकी कुठे असते?

तुम्ही विचारलंय की एकाच रेग्युलेटरची (सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबाने तोंडापर्यंत आणणारं उपकरण) किंमत सगळ्या अधिकृत दुकानांत अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी कशी, "कंपनी सूट देऊ देत नाही" असं म्हणणारा दुकानदार खरं बोलतोय का, आणि ऑनलाइन एक जण तोच माल बराच स्वस्त देतोय तो घ्यावा का.

दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. मी काही वर्षं अशाच काउंटरच्या मागे उभा होतो, त्यामुळे उरलेलं अर्धं मी सांगतो.

कंपन्यांची बंधनं दोन तऱ्हेची असतात. एक म्हणजे जाहिरातीतली किमान किंमत, धंद्यातल्या भाषेत 'मॅप'. वेबसाइटवर किंवा पत्रकात त्या आकड्याच्या खाली काही छापायचं नाही. प्रत्यक्ष गिऱ्हाइकाकडून किती घ्यायचे हे त्यात येत नाही. "किंमत पाहण्यासाठी कार्टमध्ये टाका" ही विचित्र सूचना याच फटीतून आलेली आहे.

दुसरं बंधन कडक. कंपनी एकतर्फी जाहीर करते की अमुक किमतीखाली विकलंत तर तुम्हाला माल बंद. यावर ती दुकानदाराची सही घेत नाही, त्याच्याशी चर्चाही करत नाही, आणि त्यामागे अमेरिकन कायदा आहे. १९११च्या डॉ. माइल्स खटल्यापासून तिथे उत्पादक आणि विक्रेत्याने मिळून किमान किंमत ठरवणं सरळ बेकायदा होतं. १९१९च्या कोलगेट खटल्याने मात्र वाट दिली: कोणाला माल द्यायचा हे उत्पादकाने आपल्यापुरतं ठरवावं, फक्त करार करू नये. पुढे २००७मध्ये लीजिन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी १९११चा नियमच रद्द केला. आता प्रत्येक प्रकरण गुणदोषांवर तपासलं जातं. तरी मेरीलँडसारख्या राज्याने २००९मध्ये असे करार पुन्हा बेकायदा ठरवले, म्हणून कंपन्या अजूनही तोंडावर बोट ठेवूनच वागतात. युरोपियन युनियनमध्ये विक्रेत्यावर किमान किंमत लादणं हे स्पर्धा कायद्याचं गंभीर उल्लंघन मानतात. साहजिकच तोच माल अमेरिकेत एका भावाने आणि युरोपात दुसऱ्या भावाने जातो, आणि हा फरक खिशात घालणारा मधला माणूस उभा राहतो. तुम्हाला सापडलेला स्वस्त विक्रेता बहुधा त्यांतलाच, म्हणजे ग्रे मार्केटवाला. माल अस्सलच असतो, फक्त कंपनीच्या अधिकृत साखळीतून आलेला नसतो.

कंपन्यांचं समर्थन असं की लोक दुकानात येऊन बीसीडी (पाण्यात वर-खाली राहणं सांभाळणारं हवेचं जॅकेट) अंगावर चढवून बघतात, तासभर प्रश्न विचारतात आणि घरी जाऊन दुसरीकडून मागवतात. किंमत बांधली नाही तर दुकानं बंद पडतील. यात तथ्य आहे. डायव्हिंगच्या कोर्समध्ये दुकानाला फारसं सुटत नाही, भाडं साहित्याच्या नफ्यातून निघतं. पण हा युक्तिवाद रेग्युलेटर, बीसीडी आणि डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि पाण्याखालचा वेळ मोजणारं यंत्र) यांच्यापुरता पटतो. स्नॉर्केल आणि हातमोजे विकायला कसला आलाय सल्ला? तिथेही तेच बंधन असेल तर तो निव्वळ नफा राखण्याचा प्रकार, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या रेग्युलेटरचं. त्याची फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरला जोडला जाणारा भाग, सिलिंडरमधला सुमारे २०० बारचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा दहाएक बार जास्त इतपत खाली आणते. ती ठरल्या मुदतीत उघडून आतले सील बदलावे लागतात. काही कंपन्या हे भाग आयुष्यभर फुकट देतात, पण मूळ खरेदीदार, अधिकृत बिल आणि न चुकवलेली सर्व्हिस या अटींवर. ग्रे मार्केटचा विक्रेता वॉरंटी देतो ती स्वतःची. तो उद्या धंद्यात असेल का, हे तुम्ही ठरवा. वाचणारी रक्कम आणि पुढच्या काही सर्व्हिसचा खर्च शेजारी शेजारी मांडून बघा. रेग्युलेटरच्या बाबतीत मी अधिकृत दुकानाकडेच झुकतो. मास्क चेहऱ्यावर आणि फिन्स पायात नीट बसल्या की त्या कुठूनही घ्या.

युरोपातून मागवणार असाल तर जोडणी तपासा. तिथे नायट्रॉक्ससाठी (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेसाठी) म्हणून विकले जाणारे रेग्युलेटर एम-२६ आट्यांचे असू शकतात, आणि ते साध्या डिन किंवा योक व्हॉल्व्हवर (सिलिंडरच्या तोंडाच्या दोन नेहमीच्या जोडण्या) बसत नाहीत.

आणि दुकानात "किती कमी कराल?" असं विचारूच नका. त्या प्रश्नाला दुकानदार "नाही"च म्हणणार, विशेषतः मेलवर, कारण तो लेखी पुरावा होतो. समोर बसून विचारा: "सगळा सेट तुमच्याकडून घेतला तर सोबत काय द्याल?" होज, पहिली सर्व्हिस, पुढच्या कोर्सची फी, सिलिंडर भरून देणं, यांतलं काहीतरी निघतंच. मोठ्या वस्तूची किंमत जागेवर राहते आणि सूट बिलाच्या खालच्या ओळींत येते. बंद झालेल्या मॉडेलवर तर कंपन्या सहसा किमतीचं बंधन उठवतात, तेव्हा तेही विचारा. फक्त त्याचे सर्व्हिस किट (सर्व्हिसमध्ये बदलायच्या भागांचे संच) पुढे किती वर्षं मिळतील, ते पैसे देण्याआधी पक्कं करून घ्या.