आधी पाय मोजा, मग गट ठरवा

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा सातवीत आहे. दहा वनस्पती आणि पाठीचा कणा नसलेले दहा प्राणी बघून, शरीराच्या ठेवणीवरून त्यांचे गट पाडा, असा प्रकल्प होता. त्याने गोम आणि वाणी (मिलिपीड) एकत्र घातले, कोळी कीटकांत टाकला आणि कांदा बटाट्याशेजारी लिहिला. तिन्हींवर लाल फुली मारून वही परत आली. का चुकलं ते कुणी सांगितलं नाही. पोरगं हिरमुसलंय. नेमकं बघायचं तरी काय?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, पहिली फुली मला पटलेलीच नाही. गोम आणि वाणी दोघंही बहुपाद. तुमच्या मुलाने ते शेजारी ठेवले हे बरोबरच. फक्त आतली भिंत घालायची राहिली.

ती भिंत डोळ्यांनी दिसते. पाऊस सुरू झाला की पंचवटीतल्या आमच्या अंगणात, मोरीच्या तोंडाशी वाणी निघतात. परवा एक पांढऱ्या ताटलीत घेतला. हात लागताच त्याने अंगाचं गोल वेटोळं केलं. मिनिटभर थांबले, तसा उलगडला आणि पायांची लाट मागून पुढे सरकायला लागली. भिंगातून अंगाच्या मधलं एकच वळं धरायचं आणि मोजायचं : पायांच्या दोन जोड्या. डोक्याजवळ मोजू नये, तिथल्या पहिल्या वळ्याला पाय नसतात आणि पुढच्या तिनांना एकेकच जोडी असते. गोमेला दर वळ्याला एकच जोडी, अंग चपटं, आणि डोक्याखाली पायांच्याच बनलेल्या विषारी नांग्या. वाणी कुजका पाला खातो, गोम शिकार करते.

कोळ्याची फुली मात्र रास्त आहे. कीटकाला सहा पाय, शरीराचे तीन भाग आणि डोक्यावर मिशा. कोळ्याला आठ पाय, भाग दोनच, मिशा नाहीत. तरी मुलाला सांगा, सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनेही १७३५च्या ग्रंथात कोळी कीटकांतच बसवले होते. त्यांना वेगळं काढलं ते फ्रेंच निसर्गअभ्यासक लामार्कने, १८००च्या सुमारास.

आपल्या नाशिककरांना तर हा फरक पैशात मोजावा लागतो. माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षाचं. पानं तांबूस पडली, खालून बारीक जाळी दिसली की घरात लाल कोळीचं, म्हणजे कोळ्याच्याच नात्यातल्या, पानांचा रस शोषणाऱ्या बारीक जिवाचं, नाव निघायचं. असं पान पांढऱ्या कागदावर झटका. जे ठिपके चालायला लागतील ते भिंगाखाली घ्या : आठ पाय. फुलकिडा मात्र कीटक, त्याला सहा. म्हणूनच फुलकिड्याचं औषध लाल कोळीवर चालेलच असं नाही, तिच्यासाठी कोळीनाशक लागतं. मोजताना एक लक्षात ठेवा, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या लाल कोळीच्या पिल्लाला सहाच पाय असतात, कात टाकल्यावर आठ होतात. तेव्हा एकाच नगावर निकाल देऊ नये, चारपाच तरी बघावेत.

आता कांदा. तो आणि बटाटा दोघंही मातीतून निघतात आणि एकाच टोपलीत बसतात, इतकंच. कांदा उभा चिरून मुलाच्या हातात द्या. बुडाशी जी कडक चकती आहे, जिला मुळांची दाढी असते, तेच खोड. वरचे पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले तळ. बटाटा मात्र सबंधच खोड, त्याचे डोळे म्हणजे कळ्या. फुलं बघितली तर शंकाच उरत नाही. कांद्याच्या डेंगळ्यावरच्या (फुलांच्या दांड्यावरच्या) एकेका फुलाला सहा पाकळ्या, तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत, हा एकदल. बटाट्याचं फूल पाच टोकांचं, पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, थेट वांग्याच्या फुलासारखं; हा द्विदल.

पाठ्यपुस्तकात असतं की एकदलाच्या पानाच्या शिरा समांतर. मुलाने अळूचं पान आणलं तर तो अडेल, कारण त्यात शिरांचं जाळं दिसतं आणि तरी अळू एकदलच. त्याला मुळं बघायला सांगा, सोटमूळ नाही, तंतुमुळं आहेत. पान, मूळ, फूल, बी यांतल्या निदान दोघांची साक्ष काढल्याशिवाय वहीत गट लिहू नये.

वही पुन्हा लिहून द्या, आणि प्रत्येक नावापुढे काय मोजलं तेही लिहायला सांगा. वाणी बघून झाला की कुंडीतल्या पाल्यात सोडा. गोम हातात धरू देऊ नका, काचेच्या बरणीतूनच बघू द्या.