माहिती अधिकारात 'सगळंच द्या' असा अर्ज आला तर कार्यालय तो फेटाळू शकतं का?

मोघम आणि अवाढव्य अर्ज आले की सरकारी कार्यालयं काय करतात, असे अर्ज फेटाळता येतात का, आणि इंग्लंडमध्ये असते तशी खर्चाची मर्यादा आपल्याकडे का नाही, असं तुम्ही विचारलंय. मी १९९४ ते २०२० ग्रामसेवक आणि पुढे ग्रामविकास अधिकारी होतो. म्हणजे कायदा आल्यापासून निवृत्तीपर्यंत जनमाहिती अधिकारीही (माहितीच्या अर्जांना उत्तर देणारा) मीच. असा एक अर्ज मी स्वतःच्या सहीने फेटाळलाय आणि त्याचा दंडही भरलाय, तेव्हा उत्तर द्यायला हरकत नाही.

फेटाळता येत नाही. फेटाळले मात्र सर्रास जातात.

२०१३ चा पावसाळा होता. माझ्याकडे दोन गावांचा चार्ज, घरपट्टीची वसुली रखडलेली, त्यात लेखापरीक्षण तोंडावर. एका सकाळी शिपायाने अर्ज आणून ठेवला. जोडपत्र 'अ' (माहितीच्या अर्जाचा ठरलेला फॉर्म), वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. खाली मजकूर असा: सन १९९० पासून आजपर्यंतचे ग्रामपंचायतीचे सर्व ठराव, सर्व नमुने, सर्व पत्रव्यवहार व इतर सर्व संबंधित कागदपत्रे यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. ज्यांनी ग्रामपंचायतीचं दप्तर पाहिलंय त्यांना कळेल की हे काय मागणं आहे. तेहतीस नमुने (म्हणजे ठरलेल्या नोंदवह्या), तेवीस वर्षं. दोन कपाटं आणि एक पत्र्याची पेटी उचलून झेरॉक्सच्या दुकानात नेऊन ठेवायची.

अर्जदार गावातलेच, सत्तरीचे. सगळे त्यांना आबा म्हणायचे. राजकारणात नाहीत, ठेकेदारीत नाहीत. अर्ज त्यांनी लिहिलेलाच नव्हता. तहसील कचेरीसमोर टपरी टाकून बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याने लिहून दिला होता आणि त्याला 'सर्व' या शब्दाचं फार प्रेम.

मी तो कागद घेऊन पंचायत समितीत साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "ब्लॅकमेलर असणार. मोघम आणि विस्तृत म्हणून टाका, सात-नऊ लावा." मी म्हटलं, साहेब, गरीब माणूस आहे, विचारून बघू का काय हवंय ते? त्यावर ते म्हणाले, "अर्जदाराला कारण विचारायचं नसतं, कलम सहा-दोन वाचा." आणि मग त्यांचं आवडतं वाक्य आलंच. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलंय की ७५ टक्के कर्मचाऱ्यांनी आपला ७५ टक्के वेळ माहिती पुरवण्यात घालवावा हे देशाला नकोय.

एकोणतिसाव्या दिवशी मी पत्र काढलं. 'आपण मागितलेली माहिती मोघम व विस्तृत स्वरूपाची असल्याने कलम ७(९) अन्वये देता येत नाही.' तेच वाक्य, जे महाराष्ट्रातल्या प्रत्येक कार्यालयाच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच टाइप करून ठेवलेलं असतं.

आता या सात-नऊबद्दल बोलायलाच हवं, कारण साहेबांनी ते कधी पूर्ण वाचलंच नव्हतं. ते कलम म्हणतं की माहिती ज्या स्वरूपात मागितली आहे त्याच स्वरूपात द्यावी, पण त्यासाठी कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडणार असेल किंवा अभिलेखाला धोका पोहोचणार असेल तर तसं देणं बंधनकारक नाही. विषय स्वरूपाचा आहे. प्रती देणं शक्य नसेल तर अवलोकनाला (दप्तर समोर बसून पाहायला) बोलवा, सीडी द्या, यादी द्या. माहितीच नाकारायची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये आहेत आणि तिथे 'विस्तृत' किंवा 'मोघम' हे शब्द नाहीत. आणि ते ७५ टक्क्यांचं वाक्य ज्या निकालातलं आहे, तो खटला परीक्षा मंडळ विरुद्ध विद्यार्थी असा होता. त्यात न्यायालयाने विद्यार्थ्यांना तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहू द्या असंच सांगितलं. म्हणजे मंडळ हरलं. वाक्य साहेबांनी पाठ केलं, निकाल वाचायचा राहिला.

आबांनी वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं. प्रथम अपिलीय अधिकारी कोण? तेच साहेब. सुनावणी दहा मिनिटांत आटोपली, 'जनमाहिती अधिकाऱ्यांचा निर्णय योग्य आहे.' मग दुसरं अपील, राज्य माहिती आयोगात. तारीख लागायला दोन वर्षं गेली. आयोगाचा आदेश आला तो असा: पंधरा दिवसांत अभिलेख अवलोकनासाठी खुला करावा, मागितलेल्या प्रती कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य द्याव्यात, आणि जनमाहिती अधिकाऱ्यावर कलम २० खाली शास्ती (दंड) का लावू नये याचा खुलासा करावा. मी खुलाशात लिहिलं की वरिष्ठांच्या तोंडी सूचनेनुसार कार्यवाही केली. वरिष्ठांना विचारलं गेलं, तर त्यांनी अशी कोणतीही सूचना दिल्याचं आठवत नाही असं लेखी कळवलं. कायद्यात दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० आहेत. मला ३,००० लागले, दोन हप्त्यांत पगारातून कापले. नंतर भेटल्यावर साहेब म्हणतात, "तुम्ही मला लेखी विचारायचं होतं ना."

यातलं मला खरं बोचतं ते पुढेच आहे.

अवलोकनाला आबा आले, बरोबर बारावीतला नातू. २०१२ च्या नियमांप्रमाणे अवलोकन करणाऱ्याला फक्त पेन्सिल वापरता येते, पेन जमा करावं लागतं. ते मी सांगितलं तर आबा म्हणाले, "भाऊसाहेब, मला लिहिताच येत नाही, पेन कशाला आणू." मग मी विचारलं, दोन वर्षं उशिरा, की आबा, नेमकं काय शोधताय? त्यांनी सांगितलं. वडिलार्जित घर, दोघा भावांच्या नावावर. एका फेरआकारणीनंतर नमुना ८ वर (घरपट्टीच्या आकारणीची यादी) फक्त धाकट्या भावाचं नाव उरलं. विचारायला गेले की गावात कुणीतरी सांगायचं, 'ठराव झाला होता.' कोणत्या साली, कोणत्या सभेत, ते कुणी सांगेना. म्हणून त्यांनी सगळे ठराव मागितले. ज्याला साल माहीत नाही तो दुसरं काय मागणार?

पाऊण तासात आम्ही तिघांनी शोधलं. १९९८ च्या यादीत दोन नावं, २००२ च्या यादीत एक. मधल्या चार वर्षांचं प्रोसिडिंग (सभांचं इतिवृत्त) पानापानाने उलटलं. ठराव नव्हताच. कुणीतरी यादी उतरवून काढताना नाव गाळलं होतं, मुद्दाम की चुकून ते देव जाणे. आबांना हवी होती ती माहिती म्हणजे एक ओळ: 'असा ठराव अभिलेखात आढळून येत नाही.' ती आणि दोन याद्यांच्या दोन पानांच्या प्रती. एरवी दोन रुपये पान या दराने चार रुपये. २०१३ मध्ये मी खुर्ची पुढे सरकवून चहा सांगितला असता तर त्याच दिवशी झालं असतं. कलम ६(१) प्रमाणे ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लिहून घ्यायला मदत करणं माझंच काम होतं. कारण विचारू नका म्हणजे काय हवंय तेही विचारू नका, असा अर्थ साहेबांनी लावला आणि मी तो मुकाट मान्य केला.

(नोंद दुरुस्त व्हायला पुढे सव्वा वर्ष गेलं. आबांनी माझे आभारबिभार मानले नाहीत. उलट नातवाला घेऊन गटारीच्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेचा दुसरा अर्ज टाकला, या वेळी एका विषयाचा आणि बिनचूक.)

शब्दमर्यादेवर अनेकांचा भरवसा असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून एक अर्ज, एक विषय आणि साधारण १५० शब्द असा नियम आहे. केंद्राच्या कार्यालयांना ५०० शब्द. पण आबांचा अर्ज वीस-बावीस शब्दांचा होता! मोघम मागायला शब्द लागतच नाहीत. उलट 'अमुक साली अमुक रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, त्याचं देयक आणि त्याचं मूल्यांकन' असं नेमकं लिहायला गेलात की शब्द वाढतात. म्हणजे मर्यादा घातली ती नेमक्या माणसावर. विषय अनेक असले तरी अख्खा अर्ज फेकायचा नसतो, पहिल्या विषयाची माहिती द्यायची आणि बाकीसाठी वेगळा अर्ज करा म्हणून कळवायचं.

इंग्लंडचं म्हणाल तर तिथे तासांचा हिशेब आहे. केंद्रीय खात्यांना ६०० पौंड, इतरांना ४५०, ताशी २५ पौंड धरून म्हणजे २४ आणि १८ तास. त्याहून जास्त लागणार असेल तर नाकारता येतं, पण अर्जदाराला अर्ज आटोपशीर करायला मदत करण्याचं कर्तव्य तिथेही कायद्यातच आहे. आपल्याकडे ती मर्यादा नाही, आणि नसावी असं माझं मत आहे. आपल्याकडे दप्तरच लागलेलं नसतं. जे शोधायला एक तास पुरावा त्याला दोन दिवस लागतात, आणि मग आपल्याच गबाळेपणाचे तास अर्जदाराच्या नावावर मांडले जातील. कलम ४ ने १२० दिवसांत सतरा बाबी आपण होऊन जाहीर करायला आणि अभिलेखांची सूची करायला सांगितलं होतं. २००५ चा कायदा आहे. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत जा आणि ती सूची मागा, काय मिळतं बघा. सहा गठ्ठे पद्धतीने (कागदांची सहा प्रकारांत वर्गवारी करून) दप्तर लावलेलं असेल तर निम्मे 'अवाढव्य' अर्ज येणारच नाहीत, कारण लोकांना कागदाचं नाव कळेल.

तुम्ही अर्जदार असाल तर प्रतींच्या मागे लागू नका, अवलोकन मागा. आमच्या नियमात पहिला तास फुकट आणि पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. शिवाय पुणे महापालिकेने सुरू केलेली दर सोमवारी दुपारी तीन ते पाच दप्तर खुलं ठेवायची पद्धत २०१८ च्या शासन निर्णयाने राज्यभर जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत लागू केलीय. तिथे अर्जही नको.

आणि तुम्ही जनमाहिती अधिकारी असाल (प्रश्नाच्या सुरावरून मला तसंच वाटतंय) तर अर्जदाराला फोन करा, ते आधी. दुसरं, वरिष्ठ तोंडी काही सांगत असतील तर कलम ५(४) खाली त्यांचं सहाय्य लेखी मागा. ५(५) प्रमाणे मग तेही जनमाहिती अधिकारी समजले जातात आणि शास्तीची नोटीस त्यांच्याही टेबलावर जाते. हे मला कुणी २०१३ मध्ये सांगितलं असतं तर! नंतरच्या सात वर्षांत मी असं लेखी सहाय्य अकरा वेळा मागितलं आणि अकराही वेळा साहेबांना अचानक आठवलं की माहिती द्यायला काहीच हरकत नाही.

एक राहिलं. त्रास देणारे नसतातच असं नाही. एकच मजकूर छापून गावाचं नाव तेवढं बदलून तालुकाभर चाळीस अर्ज टाकणारे आणि मग 'बसून मिटवू' म्हणणारे मी पाहिलेत, त्यांच्यापैकी एक तर माझ्याच दुचाकीवर मागे बसून तालुक्याला यायचा. अशांनाही मी अवलोकनाचीच तारीख द्यायचो. मिटवायला आलेला माणूस तीन तास धूळ खात बसत नाही. लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती मागितली असतील तर ती झाकून बाकीचं द्यायचं, कलम १० त्यासाठीच आहे.

परवा एका लग्नात साहेब भेटले. पंगतीत शेजारीच बसले आणि कुणाला तरी ७५ टक्के सांगत होते. मी श्रीखंड वाढून घेतलं आणि त्यांना विचारलं, त्या खटल्यात जिंकलं कोण होतं? त्यांनी मठ्ठा मागवला.