अर्ध्या तासाचं तेल

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. तिसऱ्या रात्री ड्यूटी संपवून दीड वाजता पीजीवर आलीस आणि फार उशीर झाला म्हणून हनुक्काचा, आपल्या ज्यूंच्या आठ रात्रींच्या सणाचा, दिवा लावला नाहीस. चौथ्या रात्री, एकदा खंड पडलाच आहे म्हणून नाही लावलास. आणि शेवटी ते वाक्य : ‘काका, खरं सांगू, लावताना मला काही वाटतच नाही. अर्थ कळेपर्यंत थांबणं जास्त प्रामाणिक नाही का?’

नाही.

आधी व्यवहाराचं. दीड म्हणजे उशीर नव्हे. हनुक्काचा दिवा संध्याकाळी लावावा हे उत्तम, पण राहिलाच तर पहाट फुटेपर्यंत लावता येतो. चुकलेल्या रात्रींची थकबाकी नसते. आज पाचवी रात्र, तर आज पाच आणि वर शमाश, म्हणजे बाकीचे पेटवायचा मदतनीस दिवा. मागचं काही भरून काढायचं नाही. दिवा दाराबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवावा हा मूळ नियम. पण तुझ्या मालकीणबाई ओरडतात ना, मग टेबलावर ठेव. धोक्याच्या काळात दिवा टेबलावर ठेवावा आणि तेवढं पुरे, असं तालमूद या आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातच आहे. ते सांगणाऱ्यांनी तुझ्या मालकीणबाईंपेक्षा बरीच वाईट माणसं पाहिली होती.

आता मुद्द्याचं. दिवा लावताना त्यात अर्धा तास जळेल एवढं तेल हवं. त्याहून कमी घातलंस तर ती फसवणूक. पण तेवढं घालून लावलास आणि मग विझला, तर परत लावायचं बंधन तुझ्यावर नाही. तालमूदचे शब्द : काव्ता, एन झाकूक ला. लावणं हीच मित्स्वा, देवाची आज्ञा. तू मात्र आठही रात्री मन उजळत राहील एवढं तेल साठल्याशिवाय काडी ओढणार नाही म्हणतेस. एवढं तेल कोणाकडे असतं गं? ग्रीक राजाशी लढून यरुशलेमच्या मंदिरात परतलेल्या मक्काबींकडेही नव्हतं. एक मोहरबंद कुपी, एका दिवसाची, आणि ती आठ दिवस जळली. सोळाव्या शतकात धर्मशास्त्राचे पंडित योसेफ कारोंनी विचारलं होतं, एका दिवसाचं तेल तर होतंच, म्हणजे चमत्कार सातच दिवसांचा, मग सण आठ दिवसांचा का? उत्तरांचा ढीग पडलाय. मला पटतं ते एकच : पुरणार नाही हे ठाऊक असताना पहिल्या दिवशी कोणीतरी वात पेटवली, तो पहिला दिवस.

(लढाईच्या शौर्यकथा मला सांगू नकोस. मक्काबींच्याच घराण्याचे पुढचे राजे अलेक्झांडर, अ‍ॅरिस्टोब्युलस अशी ग्रीक नावं मिरवत होते. तलवारीने जिंकलेलं किती टिकलं ते दिसतंच.)

आणि ‘वाटत नाही’चं काय घेऊन बसलीस? दिवे लावल्यावर आपण हानेरोत हाललू म्हणतो. हे दिवे पवित्र, त्यांचा उपयोग करायची परवानगी नाही, फक्त पाहायचे. त्यांच्या उजेडात हिशेब लिहायचा नाही, सुई ओवायची नाही. कामाला शमाश आहे. त्यांच्याकडून भावना वसूल करायला निघणं हाही उपयोगच झाला. बहुतेक संध्याकाळी मला फक्त गुडघे दुखल्याचं वाटतं. म्हणून तर अर्ध्या तासाचं तेल. जन्मभराचं मागितलेलं नाही.

आपल्या बेने इस्रायल लोकांकडे, कोकणातल्या ज्यूंकडे बघ. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पुढे कोकणातल्या गावांत घाणे चालवले. शनिवार विश्रांतीचा, घाणा बंद, म्हणून शनवार तेली. तेल गाळणारी जमात, आणि तेलाचा हा सणच त्यांना माहीत नव्हता! तो कित्येक शतकांनंतर बाहेरून आलेल्यांनी शिकवला. हिब्रू गेली होती. उरलं काय? शनिवार, सुंता, शेमा ही प्रार्थना आणि खवले-पंख असलेलाच मासा खायचा हा नियम. बाहेरून आलेल्या दाविद रहाबीने म्हणे परीक्षा पाहिली, बायकांपुढे सगळ्या जातींची मासळी ठेवली. त्यांनी बिनखवल्याची बाजूला काढली आणि उरलेली चुलीवर चढवली. त्यांना ‘अर्थ’ कळला होता का? अर्थ कळेपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर आज तू मला हा प्रश्न विचारायला नसतीस.

थांबण्यातला मी तज्ज्ञ आहे, म्हणून चिडतो. वडील सिनेगॉगमध्ये तोराह, आपला धर्मग्रंथ, वाचायचे, गळा गोड होता. मला म्हणायचे, रोज थोडा वेळ बस, शिकवतो. मी म्हणायचो, शिकायचं तर नीट शिकेन, अर्थासकट. नोकरीतून मोकळा झालो की. गोदीतल्या पाळ्या, लोकल, दोन पोरं. कारणं सगळी खरी होती. मग वडील गेले. त्यांच्यासाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला उभा राहिलो तो मराठी अक्षरांत लिहिलेला कागद हातात धरून. तिसऱ्या ओळीला अडखळलो. शेजारच्याने शब्द कुजबुजून सांगितला. तो शब्द आजही मला नीट म्हणता येत नाही.

एक्कावन्नाव्या वर्षी अलेफपासून, हिब्रूच्या पहिल्या अक्षरापासून, सुरुवात केली. रोज रात्री अर्धा तास. पंधरा वर्षं झाली, अजून बोट ठेवून वाचतो. सिनेगॉगमध्ये मागच्या बाकावरची तरुण मुलं माझ्या उच्चारांना हसतात, हसू देत. हज्जान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, आजारी असतो तेव्हा उभं राहायला मीच असतो. भाऊ इस्रायलमधल्या अश्दोदहून फोन करतो : ‘इथे ये, तिथे मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारी, दहा माणसं जमवताना नाकी नऊ येतात.’ मी सांगतो, तेच तर, दहावा मी आहे. मी आलो तर नऊ उरतील. (तुझी काकू म्हणते, हे सगळं खोटं, तुम्हाला घर बदलायचा कंटाळा. तिचंही थोडं खरं आहे. पण दहावा मी असतो, हेही खोटं नाही.)

शम्माई आणि हिल्लेल हे आपले जुने धर्मपंडित. शम्माईच्या शाळेचं म्हणणं होतं, पहिल्या रात्री आठ लावा आणि रोज एक कमी करा. हिल्लेलच्या शाळेने एकापासून सुरू केलं, आणि आपण हिल्लेलचं ऐकतो. तू मनाने शम्माईवाली आहेस. पहिल्याच रात्री आठ हवेत, नाहीतर काहीच नको.

तर हे रात्री वाचशील तेव्हा पर्स ठेव, हात धू आणि पाच लाव. मेणबत्त्या संपल्या असतील तर बाटल्यांच्या झाकणांत लावू नकोस, प्लास्टिक वितळतं. स्टीलच्या वाट्या घे, खोबरेल चालेल, कापसाच्या वाती वळ. पाच वाट्या नसतील तर एकच लाव. मूळ नियम घराला एक दिवा, एवढाच आहे. अर्ध्या तासाचं तेल मात्र मोजून घाल.

हे लिहिता लिहिता माझा तिसरा दिवा विझला. काकू म्हणाली, लावा परत. मी तिला काव्ता, एन झाकूक ला ऐकवलं. ती म्हणाली, पंखा तुम्हीच सुरू ठेवला होता, त्याच्याखाली ठेवलेला दिवा लावल्यात जमा होतो का? वाऱ्यात ठेवलेला विझला तर परत लावावा लागतो, हे मीच तिला एकदा शिकवलं होतं.

उठतो. काडेपेटी शोधायची आहे.

तुझा,
काका